गिअर पडतो, पण बोट हलत नाही

प्रिय सुध्या,

पाडव्याला फोन केला नाही म्हणून तू धरून बसला असशील, आणि तुझे मेसेज उत्तराविना पडलेत तेही मला दिसतंय. तब्येत ठीक. शुगर होती तेवढीच आहे, गोळ्या चालू. हिचा खांदा आता बरा. झालं.

लिहितोय ते बोटीपायी. शेजारच्या हॅरल्डची आणि माझी अर्धी-अर्धी ती स्कीची, म्हणजे पाण्यावर फळ्यांवरून घसरणाऱ्याला दोरीने ओढायची बोट, फोटो बघून तू "बैल बांधायला जागा नाही आणि होडी घेतोय" म्हणाला होतास ती. तिचा गिअरबॉक्स चाललाय. इथे ज्याला सांगावं तो "विकून टाक" म्हणतो. गिअरबॉक्स म्हटल्यावर ज्याचे डोळे चमकतात असा माझ्या ओळखीत तू एकटा.

थंड असताना सगळं झकास. अर्धा तास पोरांना ओढून झालं, तेल तापलं, की लिव्हर पुढे टाकला तरी दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का. परवा तर धक्काही नाही. आमची ईशा पाण्यात दोरी धरून "हिट इट" (म्हणजे ओढ आता) ओरडतेय, मी थ्रॉटल ढकलतोय, काटा तीन हजारावर, आणि बोट रंकाळ्यातल्या म्हशीइतकी निवांत.

तुझ्या डोक्यात जीपचा बॉक्स असेल, तो आधी काढून टाक. इथे सिंक्रो नाही, पायाखाली क्लच नाही. इंजिन बोटीच्या मधोमध, मागच्या बाजूला फ्लायव्हील, त्यावर झटके गिळणारी स्प्रिंगांची डॅम्पर प्लेट, मग बॉक्स, आणि तिथून शाफ्ट तिरका खाली पाण्यात. पंखा बोटीच्या पोटाखाली, मागे काही नाही, म्हणून स्कीवाल्याला धोका कमी आणि लाटही लहान. पुढच्या गिअरचा रेशो एकास एक. पंप तेलाला दाब देतो, त्या दाबाने क्लच प्लेटांचा गठ्ठा आवळतो, आणि इंजिन नि शाफ्ट एकत्र फिरायला लागतात. रिव्हर्सला तेवढे प्लॅनेटरी गिअर, दिशा उलटवायला. दाब कमी पडला की प्लेटा घसरणार, आणि घसरल्या की जळणार.

मेकॅनिक आला. डिपस्टिक हुंगली, "बॉक्स गेला, रीबिल्ट टाका" म्हणाला आणि आकडा सांगितला. मी तो रुपयांत केला आणि गप्प बसलो. ना प्रेशर गेज लावला, ना लिव्हरला हात लावला. अण्णांनी असल्या माणसाला शटरच्या आत घेतलं नसतं.

मग मीच बसलो. (हसू नकोस. लुनाचं प्रकरण जुनं झालं.) इंजिन गरम करून बंद केलं आणि लगेच तेल बघितलं. लगेचच बघावं लागतं, नाहीतर कूलरमधलं तेल परत उतरतं आणि पातळी खोटी दाखवते. तेल गुलाबी, दुधाळ झालं असतं तर कूलर फुटून पाणी शिरलं असं समजायचं. तसं नाही. तपकिरी, जळका वास. मग बॉक्सवरचा लिव्हर बघितला. त्याला खाली खाच असते, स्प्रिंगवरची गोळी त्या खाचेत बसली पाहिजे. मॅन्युअलमध्ये ठणकावून लिहिलंय की ही गोळी किंवा स्प्रिंग काढली तर वॉरंटी विसरा. आमची गोळी जागेवर आहे, पण केबल अपुरी. लिव्हर खाचेच्या अलीकडेच थांबतो. केबल सोडून हाताने ढकलला तर टक्क! गेज लावला: केबलने टाकला की दाब कमी, हाताने पूर्ण ढकलला की दाब जिथे पाहिजे तिथे. म्हणजे पंप शाबूत. तरी गरम झाल्यावर घसरतोच. आधीच्या मालकाच्या काळापासून अर्धवट गिअरात चालून चालून प्लेटा गेल्यात, असं माझं मत. सांग, चुकतोय का?

बरोबर असेन, तर नुसत्या प्लेटा आणि सील. पण बॉक्स बाहेर काढणं हेच मोठं काम. इंजिनाचे मागचे माउंट बॉक्सवरच असल्यामुळे बॉक्स सोडायच्या आधी इंजिन खालून उचलून धरायचं. शाफ्टचं कपलिंग सोडून शाफ्ट मागे सरकवायचा, तोही पंखा रडरला टेकेपर्यंतच. वर्षानुवर्षं बसलेलं ते कपलिंग सुखासुखी निघणार नाही. परत बसवताना कपलिंगच्या दोन तोंडांत तीन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर फरक नको, आणि तो फीलर गेजने बोट पाण्यात सोडून मोजायचा, कारण ट्रेलरवर तिचा तळ वेगळा बसतो. उद्यमनगरात असतो तर रावसाहेबाने विडी संपायच्या आत केलं असतं.

पण हॅरल्डला उघडायचंच नाही. म्हणतो, आहे तशी विकू. त्याचं गणित चूक नाही: पार्ट येऊन बोट पाण्यात जाईपर्यंत ऑगस्ट संपणार, ऑक्टोबरात इंजिनातलं पाणी काढायचं, मग एप्रिलपर्यंत तलावावर बर्फ. शिवाय ईशा ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार, त्याची नातवंडं आता येत नाहीत. मग ओढायचं कुणाला? हाच माणूस येईल त्याला मिनेसोटातल्या लेक पेपिन तलावाची गोष्ट ऐकवतो. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराने तिथे फळ्यांची टोकं वाफेवर वाकवली, भाऊ बेनला बोट हाकायला बसवलं आणि जगात पहिल्यांदा पाण्यावर स्की केलं. फळ्या, वाफ, भाऊ सगळं असतं गोष्टीत. गिअरबॉक्स मात्र नसतो.

कालपासून आम्ही बोललेलो नाही. कुंपणाच्या दोन बाजूंना दोघं गवत कापतोय.

आता तुझ्यावर येतो. राजदूत तूही अशीच विकलीस. अर्धी माझी होती, मी पुण्यात, आणि तू परस्पर! "पिस्टन गेला होता" हे तू आजवर सांगत आलायस, आणि आजवर माझा विश्वास नाही. पण हॅरल्ड गॅरेजच्या दारात उभा राहून "पुरे आता" म्हणाला, तेव्हा पहिल्यांदा शंका आली की तुझंही काही दुसरंच असावं. त्या वर्षी अण्णांचं ऑपरेशन झालं होतं ना? पैशाचं होतं का? असेल तर तेव्हाच बोलायचं की लेका. मी माझा अर्धा सोडला असता.

पोरीचं ठरलं ते वाचलं, फार आनंद झाला. मुलगा सांगलीचा आहे, चालायचंच. तारीख कळव, डिसेंबरात असेल तर येतोच. शेडचं काम कुठवर आलं? नवीन लेथ आलं का?

गेजचे आणि लिव्हरचे फोटो वेगळे पाठवतोय. मला दोनच गोष्टी हव्यात. टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, जाम बसलेलं कपलिंग शाफ्टला ओरखडा न पडता कसं काढायचं, ते नीट लिही. आणि बॉक्सच्या पुढच्या पंपावर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे. इंजिन उलट्या हाताचं असेल तर पंप फिरवून बसवावा लागतो म्हणतात, नाहीतर दाबच होत नाही. तो काढायच्या आधी कुठे कुठे खुणा करून ठेवू? तुझ्या उत्तरापर्यंत मी एकही बोल्ट सोडत नाही. हॅरल्डलाही तसंच सांगणार आहे, तो बोलला तर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विज्या