कडू औषध आणि डॉक्टर पेटीची सुरी

मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

अर्थसंकल्प तोंडावर आला की ‘कडू औषध’, ‘शस्त्रक्रिया’, ‘दुखणं मुळापासून काढू’ अशी भाषा सुरू होते, सरकार कुठल्याही पक्षाचं असो. या डॉक्टरी भाषेवरून एक जुनी गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे.

डिसेंबर 1650. ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅन ग्रीन या मोलकरणीला फाशी दिली. चिरफाडीसाठी शवपेटी उघडली, तर तिच्या घशात घरघर! डॉक्टर विल्यम पेटी (आडनाव खरंच पेटी) आणि सोबत्यांनी तिला ऊब दिली, तोंडात गरम पेय ओतलं. बाई जगली, पुढे संसारही केला.

दोनच वर्षांनी हा पेटी इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या फौजेचा डॉक्टर म्हणून आयर्लंडला गेला आणि दोनेक वर्षांत जमीन मोजायच्या कामाला लागला. कॅथलिकांकडून हिसकावलेली जमीन सैनिकांना आणि युद्धाला पैसा पुरवणाऱ्यांना वाटायची होती. त्याच्याही पदरात बरीच पडली.

मग त्यानं आयर्लंडचं ‘राजकीय शरीरशास्त्र’ लिहिलं. छापलं गेलं 1691 मध्ये, तो वारल्यावर. प्रस्तावनेत तो म्हणतो, वैद्यकीचे विद्यार्थी स्वस्तातल्या, नेहमीच्या जनावरांवर हात बसवतात, तसा मी आयर्लंड निवडला. हत्यारं म्हणाल तर साधी सुरी आणि फडकं. आत हिशेब आहे: इंग्रज माणूस 70 पौंडांचा, युद्धात मेलेला आयरिश मात्र गुलामांच्या दरानं 15 पौंडांचा.

माणसं, जमीन, कर आकड्यांत मांडून राज्य चालवायची जी रीत आपण आज सहज वापरतो, ती घडवणाऱ्यांत हा डॉक्टर पुढे होता. आकड्यांवर माझा राग नाही. फाशी गेलेल्या मोलकरणीचा श्वास ज्याला ऐकू आला, त्याला अख्खा देश नुसतं जनावर वाटला, हे मात्र मनातून जात नाही.

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी संमतिपत्र तिला मराठीत वाचून दाखवलं, दोन ओळी तिनं परत वाचायला लावल्या, मग सही केली. पथदर्शी प्रकल्पासाठी एखादा तालुका निवडाल तेव्हा तोच का निवडला, हे शासन निर्णयात लिहा. आणि काम सुरू होण्याआधी तो निर्णय ग्रामसभेत वाचून दाखवा. कुणी दोन ओळी परत वाचायला सांगितल्या, तर त्याही वाचा.

आपला,
एक करदाता