आप्पा, त्या गवंड्याच्या नळीसाठी थँक्यू

आप्पा, रामराम.

तुम्ही मोबाईलवर एवढं लांबलचक वाचत नाही हे मला माहितीये, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की पूर्ण वाचून दाखव, मधलं गाळू नको. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "च्या पे आन काम कर" म्हणून विषय मोडता, त्यामुळे इथे चारचौघांत लिहितोय, बघू आता कसा मोडता ते.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी अमळनेरचा, ठिबक आणि मोटार-स्टार्टरचं दुकान आहे, आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षांपासून दोन सीटचं विमान बांधतोय. झेनिथ सीएच ७०१, क्रिस हाईन्झ यांचं ऐंशीच्या दशकातलं डिझाईन, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पॉप रिव्हेट, पंख वर, इंजिन रोटॅक्स ९१२. लहानपणी धुळ्याला मामाकडे गेलो की गोंदूरच्या धावपट्टीच्या कुंपणाला चिकटून उभा राहायचो, तिथला हा किडा. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांच्या विमानाची २०१७ ला नोंदणी झाली तेव्हा बायकोला बातमी दाखवली, तर ती म्हणे त्यांना विमान चालवता येतं, तुम्हाला येतं का. (तेव्हा येत नव्हतं. आता शिकतोय.)

तर पत्रा झाला, इंजिन बसलं, आणि मग गाडी अडली पॅनलवर. आता जुन्या सहा घड्याळांऐवजी एकच स्क्रीन लावतात, ईएफआयएस म्हणतात त्याला, वेग, उंची, विमान कुठे कललंय ते, दिशा, इंजिनाचं टेंपरेचर, नकाशा, सगळं एकाच काचेवर. मी दोन महिने रात्री बाराबारापर्यंत गार्मिन जी३एक्स, डायनॉन स्कायव्ह्यू, एमजीएल, जीआरटी अशा कंपन्यांच्या स्क्रीनचे एक्सेलचे तक्ते करत बसलो होतो आणि जवळजवळ ठरवलंच होतं की दहा इंची दोन स्क्रीन लावायच्या, एक माझ्यासमोर एक शेजाऱ्यासमोर, मस्त विमान कंपनीसारखं. तो तक्ता घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही ओझरला एअरफोर्सच्या डेपोत मिग-२९ चे इन्स्ट्रुमेंट खोलून बसवण्यात नोकरी घातलेली, तुम्ही चष्मा लावला, तक्ता खालून वर बघितला, वरून खाली बघितला आणि म्हणालात, "तुले इमान उडावनं शे का टीव्ही देखना शे?"

मला राग आला होता आप्पा, आज सांगतो. घरी येताना सगळ्या रस्त्याने मनात म्हणत होतो की यांना नवीन काळातलं काही कळत नाही.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः शेडवर आलात, लुनावर, पुठ्ठा आणि कटर घेऊन. दहा इंची स्क्रीनच्या मापाचा पुठ्ठा कापला, सात इंचीचा कापला, माझ्याकडून स्क्रीनचे फोटो खऱ्या साईजमध्ये प्रिंट करून आणले, ते पुठ्ठ्यावर चिकटवले आणि मला भर दुपारी सीटवर बसवून पॅनलमध्ये धरून दाखवले. दोन दहा इंची लावल्या तर रेडिओला जागाच उरत नव्हती आणि मागे वायरींसाठी हात जात नव्हता, हे एक्सेलमध्ये कुठे दिसतं? वर मी घातलेला गॉगल काढायला लावलात. तो पोलराईज्ड होता, तुम्ही खिशातला मोबाईल माझ्यापुढे धरून हळूहळू आडवा फिरवला आणि एका कोनात त्याची काच काळी ठिक्कर पडली. विमानातली एलसीडी पण अशीच पडू शकते. मे महिन्यात, आपल्याकडच्या उन्हात, उतरताना. त्या दिवशी गॉगल बदलला.

मग तुमचा खरा प्रश्न आला, जो मी दोन महिन्यांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता. "हाई मरी गयं तं तू काय देखशी?" मी म्हटलं दुसरी स्क्रीन आहे ना. तुम्ही म्हणालात दोन्हींना करंट एकाच जागेवरून, वेग-उंचीची हवा त्याच नळ्यांतून आणि आतला जो डबा विमान किती कललं ते मोजतो तो पण एकच, मग दोन काचा लावून तू एकच आंधळा दोनदा उभा केला. हे वाक्य मी शेडच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवलंय, बायको येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

त्यानंतर निवडीची दिशाच बदलली. चित्र कोणाचं भारी हे सोडून दिलं आणि डबे कुठे बसतात, वायर कशी जाते, एक गोष्ट मेली की बाकी काय जिवंत राहतं, हे बघायला लागलो. गार्मिनमध्ये कलणं मोजणारा डबा वेगळा आणि दिशेचा चुंबकीय सेन्सर वेगळा, त्यामुळे सेन्सर पंखाच्या टोकाला लोखंडापासून लांब नेता येतो, हे चांगलंय. सगळे डबे कॅन बसच्या, म्हणजे डब्यांनी एकमेकांना आकडे पाठवायच्या सामाईक लाईनच्या, दोन वायरींवर बोलतात आणि त्या ओळीच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर लागतो, मधे नाही. डायनॉनमध्ये दोन्ही एकाच डब्यात, म्हणून तो डबा विमानाच्या अक्षाला सरळही पाहिजे आणि लोखंडापासून लांबही पाहिजे आणि हवेच्या नळ्याही तिथपर्यंत न्यायच्या. पण त्यांच्या तयार केबली येतात आणि प्रत्येक स्क्रीनला तिची स्वतःची बॅटरी जोडता येते, मेन करंट गेला तरी पाऊण तासाच्या आसपास चालते. आमच्या विमानात सीटमागे शेपटीकडे ॲल्युमिनियमशिवाय फारसं काही नाही, तिथे डबा बसत होता. म्हणून सात इंची एकच डायनॉन, बॅटरीसकट, आणि शेजारी वेगाचं आणि उंचीचं जुन्या पद्धतीचं काट्याचं घड्याळ, ज्यांना करंट लागतच नाही. झालं. दोन महिन्यांचा तक्ता रद्दीत. गार्मिन वाईट असं माझं म्हणणं नाही, ज्याला पुढे ढगातून उडायचंय, मोठा ऑटोपायलट लावायचाय त्याने जरूर बघावं, पण मला बोरी नदीवर सकाळी साडेसहाला एक चक्कर मारून यायचंय.

आणि एक सांगायचं राहिलं, मधे मी घाई करून एका माणसाकडून सेकंडहँड सेट घेणार होतो, स्वस्त होता. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की त्याला सॉफ्टवेअरचं व्हर्जन आणि वायरिंगचा कागद माग. कागद काही आला नाही, माणूस फोन उचलेना, माझा ॲडव्हान्स वाचला.

सामान कस्टममधून सुटून आलं आणि खरी मजा सुरू झाली. सायलेन्सरवरच्या टेंपरेचरची वायर मी जोडली, मोटारी भरणारा माणूस मी, लाल म्हणजे पॉझिटिव्ह हे हाताला पाठ. लायटर धरला तर स्क्रीनवर टेंपरेचर खाली जायला लागलं! मी स्क्रीनला शिव्या. तुम्ही खाटेवरून न उठताच म्हणालात, "लाल म्हंजे पॉझिटिव्ह कोनी सांगं तुले?" अमेरिकन के टाईप थर्मोकपलमध्ये (दोन धातूंच्या तारांचा टेंपरेचर सेन्सर) पिवळी पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह असते. शिवाय मी एका प्रोबची वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडली होती, ती पण तुम्ही काढायला लावली, कारण थर्मोकपलला त्याच धातूची वायर पाहिजे, तांबं जोडलं की जोडाच्या जागेची गरमी आकड्यात घुसते. तीस वर्षं वायरी जोडतोय, हे माहीत नव्हतं.

डबा बसवताना स्क्रू पितळेचे. मी म्हटलं स्टेनलेस चालेल, तुम्ही फ्रिजवरचं लिंबू-मिरचीचं चुंबक आणून माझ्या "स्टेनलेस"ला चिकटवून दाखवलं. मग स्क्रीनवर दिशा बघत एकेक स्विच चालू करत गेलो, लँडिंग लाईट, रेडिओ, पंप, आणि स्ट्रोब लाईट लावला की दिशा चार डिग्री सरकायची. त्याची वायर डब्याजवळून गेली होती. उपसून दुसऱ्या बाजूने नेली, एक रविवार गेला.

आता त्या नळीचं. पिटोच्या, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीच्या, लाईनला लीक आहे का ते बघायचं मशीन इथे कुठून आणायचं या विचारात मी होतो आणि तुम्ही बांधकामावरून गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन आलात, पारदर्शक, आत निळीचं पाणी. एक टोक पिटोला लावलं, दुसरं मोकळं, आणि मोकळी बाजू इंचाइंचाने वर. दोन्हीकडच्या पाण्यात सहा सेंटीमीटरचा फरक झाला की साठ नॉट (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) दिसायला पाहिजे, तुम्ही म्हणालात. फुंकायचं नाही, तोंडाने ओढायचं तर अजिबातच नाही, आतला सेन्सर जातो. सहा सेंटीमीटर झाले आणि स्क्रीनवर आकडा एकोणसत्तर.

माझा चेहरा पडला. तुम्ही पुढे वाकून बघितलं आणि हसायला लागलात, कारण स्क्रीन साध्या ताशी मैलावर होती. साठ नॉट म्हणजे एकोणसत्तर मैल, अगदी बरोबर! मग तुम्ही सांगितलंत, रशियन विमानांत वेग किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये, त्यामुळे आकडा वाचण्याआधी युनिट वाचायची सवय लागली. आमच्या विमानाच्या पुस्तकात लाल रेघ, म्हणजे ज्याच्या पुढे कधीच जायचं नाही तो वेग, ११० मैलाला आहे, म्हणजे ९५ नॉट. मी शिकतोय नॉटमध्ये, म्हणून स्क्रीन नॉटवर करून पुस्तकातला ११० तसाच टाकणार होतो. लाल रेघ पंधरा नॉट पुढे सरकली असती आणि स्क्रीनने मला हिरवा-पिवळा रंग दाखवत तिथपर्यंत नेलं असतं.

आणि लीक होताच. पाणी हळूहळू खाली यायला लागलं. टी-जॉइंट माझ्याच दुकानातला, ठिबकचा. एक किलो प्रेशरला जो जॉइंट थेंब सोडत नाही तो सहा सेंटीमीटर पाण्याच्या हवेला गळत होता, कारण एवढ्याशा प्रेशरने नळी बार्बवर (जॉइंटच्या खाचेदार टोकावर) दाबून बसतच नाही. ठिबकवाल्याची लाज गेली, तुम्ही आठ दिवस प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत होतात.

एक गोष्ट मात्र स्क्रीनने चांगली शिकवली ती कबूल करा. बाहेरचं टेंपरेचर आणि हवेचा दाब घेऊन ती डेन्सिटी अल्टिट्यूड दाखवते. आपली जमीन समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत, पण मागच्या मे मध्ये दुपारी ४४ डिग्रीला शेडच्या दारात विमान उभं असताना तिथे साडेचार हजार फूट आलं. म्हणजे इंजिनाला आणि पंखाला वाटतंय आपण डोंगरावर उभे आहोत. तुम्ही बराच वेळ आकडा बघत राहिलात आणि म्हणालात, "काटावाला हाई नही सांगस." तेवढं तुमच्या तोंडून ऐकायला मला सहा वर्षं लागली.

डीजीसीएची (विमानांना परवानगी देणारं सरकारी खातं) फाईल अजून चालू आहे, उडायला वेळ आहे. पण परवा पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा चारही सिलेंडरचं टेंपरेचर वर गेलं, खाली नाही, आणि मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही कानात कापूस घालून काट्याच्या घड्याळाकडे बघत होतात.

नवीन टी-जॉइंट आलाय. रविवारी सकाळी परत टेस्ट घेतो. नळी तुमच्याकडेच राहिलीये, घेऊन या, आणि काकूंना सांगा स्वयंपाक करू नका, बामणोदची वांगी आणून ठेवलीत, शेडवरच भरीत आणि कळण्याची भाकरी करू.

तुमचा,
शेडवाला भाऊ