इलोइलो हे काल वसलेले शहर नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आग्नेय आशियातील वाढत्या शहरांविषयी आलेला लेख मी आस्थेने वाचला. फिलिपिन्सच्या राजधानीबाहेरच्या शहरांवर मराठीत फारच क्वचित लिहिले जाते, म्हणून लेखकाचे आधी आभार मानतो. मात्र त्या लेखात इलोइलोचा उल्लेख ‘जुन्या विमानतळाच्या मोकळ्या जागेवर गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले शहर’ असा झाला आहे आणि तो वाचल्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून अनेक वर्षे काढली. इंजिन रूममध्ये ज्यांच्याबरोबर पहारे केले, त्या फिलिपिनो सहकाऱ्यांपैकी कितीतरी जण इलोंगो, म्हणजे इलोइलोच्या परिसरातले होते. आपसात ते हिलिगायनोन बोलत आणि त्या भाषेचा हेल इतका मऊ, की दोघांचे भांडण चालले आहे हे बाहेरच्याला पटकन कळतही नसे. त्यांच्याकडून ऐकलेल्या गावामुळे मला त्या गावाचा इतिहास वाचावासा वाटला. हे पत्र त्याच ओढीने लिहीत आहे.

आधी जागा पाहू, कारण इलोइलोचे सगळे बरेवाईट त्या जागेतून निघाले आहे. इलोइलो ज्या बेटावर आहे, ते पानाय साधारण त्रिकोणी आहे. त्याच्या पश्चिम बाजूने उत्तर-दक्षिण डोंगररांग गेली असून तिच्या पूर्वेला गाळाने भरलेले सपाट मैदान समुद्रापर्यंत उतरत येते. या मैदानाच्या दक्षिण काठावर शहर वसले आहे आणि समोर, अरुंद सामुद्रधुनीच्या पलीकडे, गिमारास बेट आडवे पसरले आहे. शहराचे जुने नाव इरोंग-इरोंग. ‘इरोंग’ म्हणजे नाक; इलोइलो आणि बातियानो या दोन नद्यांच्या मधली जमीन नाकासारखी पुढे आली आहे, म्हणून हे नाव पडल्याचे सांगतात. इलोइलो नदीला नदी म्हणण्याची रीत असली, तरी मराठी वाचकाला ‘खाडी’ हा शब्द अधिक नेमका कळेल. सुमारे पंधरा किलोमीटर आत शिरलेले हे भरती-ओहोटीचे पाणी आहे. डोंगरातून जोराने येणारा मोठा प्रवाह त्याच्या पाठीशी नाही. जहाजवाल्यांना अशी जागा देवाने दिल्यासारखी वाटते, कारण समोर बेटाचा आडोसा आणि आत शांत धक्का मिळतो. शहराला मात्र त्याची किंमत द्यावी लागते, कारण खाडीत सोडलेली घाण प्रवाहाबरोबर वाहून जात नाही. ती भरतीबरोबर पुन्हा आत येते.

दुसरी गोष्ट अशी, की हे एकच शहर नसून एकत्र आलेली अनेक गावे आहेत. स्पॅनिश गव्हर्नर गोन्सालो रोंकियो दे पेन्यालोसा याने १५८१ साली आपल्या स्पेनमधील गावाच्या नावावरून आरेवालो वसवले. पुढे सतराव्या शतकात डचांच्या आणि मोरोंच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या बेटांवरील मुस्लिमांच्या, हल्ल्यांपुढे ते गाव टिकाव धरीना, तेव्हा सत्तेचे केंद्र खाडीच्या मुखाशी सरकले आणि तिथे किल्ला उभा राहिला. मोलो ही चिनी व्यापाऱ्यांची वसाहत होती. तिथल्या संत ॲनाच्या चर्चमध्ये दोन्ही बाजूंच्या खांबांवर केवळ स्त्री-संतांच्या मूर्ती आहेत, एकूण सोळा. हारो हे सधन घराण्यांचे गाव. १८६५ साली तिथे स्वतंत्र बिशपपीठ स्थापन झाले. तिथल्या कॅथेड्रलची घंटा चर्चला जोडलेल्या मनोऱ्यात नाही. मनोरा रस्त्यापलीकडे, चौकात एकटा उभा आहे आणि १९४८ च्या मोठ्या भूकंपाचे घाव त्याने सोसले आहेत. फिलिपिन्सच्या सुधारणावादी चळवळीतले धडाडीचे वक्ते ग्रासियानो लोपेस हाएना १८५६ साली याच हारोत जन्मले. १९३७ साली इलोइलोला शहराची सनद मिळाली तेव्हा मोलो, आरेवालो, ला पास आणि मांदुर्याओ त्यात सामील झाले, आणि काही वर्षांत हारोही आले. म्हणूनच आजही शहरात प्रत्येक भागाला स्वतःचा चौक, स्वतःचे चर्च आणि स्वतःचा बाजार आहे. आपण कुठले, असे विचारले की माझे सहकारी शहराचे नाव सांगत नसत, ‘हारोचा’, ‘मोलोचा’ असे सांगत.

आता व्यापाराकडे वळतो, कारण आपल्या लेखातून नेमका हाच भाग गळला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या परिसराची कीर्ती कापडासाठी होती. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेले पिन्या, रेशीममिश्रित हुसी आणि जाडेभरडे सिनामाय हे सारे घरोघरच्या मागांवर तयार होई आणि विणकर बहुतेक स्त्रियाच असत. २९ सप्टेंबर १८५५ या दिवशी स्पॅनिश सरकारने इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुले केले आणि पुढच्याच वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत तिथे दाखल झाला. तो स्वतः व्यापारीही होता. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचे गणित लगेच समजते: येताना मँचेस्टरचे स्वस्त सुती कापड आणायचे, तर जाताना जहाज रिकामे जाता कामा नये. परतीचा माल म्हणून त्याने साखरेला हात घातला. ऊस गाळण्याची लोखंडी यंत्रे मागवली, ती उधारीवर दिली, आणि वसुली पिकातून होईल अशी सोय केली. गिमारासच्याही पलीकडच्या नेग्रोस बेटाची सुपीक जमीन त्या वेळी बरीचशी रानाखाली होती. हारो आणि मोलोच्या पैसेवाल्या कुटुंबांनी तिथे उसाचे मळे उभे केले आणि इलोइलोचे मजूर तिकडे गेले. नेग्रोसची साखर होड्यांतून इलोइलोच्या गोदामांत येई आणि तिथून जगभर जाई. त्याच काळात मागांचा आवाज विरत गेला. लोनीचा गौरव करावा की नाही, यावर तिथल्या अभ्यासकांत मतभेद आहेत. माझे मत विचाराल, तर बंदराला त्याने दिलेले मी नाकारत नाही. पण ज्या हजारो विणकर स्त्रियांच्या हातचे काम गेले, त्यांच्या नावाचा धक्का कुठे नाही आणि लोनीच्या नावाचा आहे, हे मला खटकते.

स्पॅनिश सत्तेचा शेवटही या शहराने पाहिला. १८९६ साली स्पेनविरुद्ध क्रांती झाली त्या वेळी इलोइलोहून स्वयंसेवकांची तुकडी स्पॅनिश बाजूने लढायला मनिलाला गेली आणि त्याबद्दल स्पेनच्या राणीकडून शहराला ‘अत्यंत एकनिष्ठ व थोर’ असा किताब मिळाला. मात्र मनिला अमेरिकनांच्या हाती पडल्यावर गव्हर्नर जनरल दिएगो दे लोस रिओस यांनी इलोइलोत राजधानी हलवली, तेव्हा पानायच्या क्रांतिकारकांनी शहराला वेढा दिला. अखेर डिसेंबर १८९८ मध्ये स्पॅनिश फौज निघून गेली आणि नाताळच्या दिवशी क्रांतिकारकांचे सेनानी मार्टिन देल्गादो यांचे सैनिक आत आले. ज्या चौकात त्यांनी झेंडा फडकवला, तो आज प्लासा लिबर्ताद म्हणून ओळखला जातो. हे स्वातंत्र्य दोन महिनेही टिकले नाही. ११ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकन युद्धनौकांनी तोफा डागल्या आणि शहराचा मोठा भाग जळाला.

अमेरिकन काळात मात्र बंदर पुन्हा भरभराटीला आले. ‘दक्षिणेची राणी’ हे बिरुद त्या वैभवाचे आहे आणि काये रेआल या जुन्या बाजाररस्त्यावरच्या नक्षीदार इमारती आजही त्याची साक्ष देतात. १९०७ साली पानाय बेटावर आगगाडी धावू लागली. मग उतार कशामुळे लागला? नेग्रोसमध्ये मोठे आधुनिक साखर कारखाने निघाले आणि त्यांना आपली साखर आपल्याच किनाऱ्यावरून थेट जहाजात चढवणे परवडू लागले. इलोइलोच्या गोदीत १९३० च्या आसपास मजुरीवरून संप झाले, तेव्हा मळेवाल्यांनी इलोइलोकडे पाठ फिरवण्याचा वेग आणखी वाढवला. त्यानंतर एप्रिल १९४२ मध्ये जपानी फौज उतरली आणि मार्च १९४५ पर्यंत शहर युद्धाच्या खाईत राहिले. राणीचे बिरुद सेबू या दुसऱ्या बंदराच्या शहराने घेतले, आणि आगगाडीही १९८० च्या दशकात थांबली. शिक्षणाने मात्र शहराला हात दिला. १९३० च्या दशकात वास्तुशिल्पी हुआन आरेयानो यांनी बांधलेले नगरभवन युद्धानंतर विद्यापीठाला देण्यात आले, आणि १९४८ साली कॅप्टन हुआन बाउतिस्ता लाक्सोन यांनी नौशिक्षणाची संस्था काढली. ज्या शहराच्या धक्क्याला मोठी जहाजे लागेनाशी झाली, त्याने जगाच्या जहाजांना माणसे दिली. माझ्या सहकाऱ्यांपैकी अनेकांचा प्रवास याच वाटेने झाला होता.

एवढा इतिहास मागे असताना २००७ कडे पाहावे. त्या वर्षी विमानतळ मांदुर्याओतून उत्तरेला सांता बार्बारा आणि काबातुआनच्या बाजूला गेला आणि मोकळ्या झालेल्या जुन्या जागेवर कार्यालये, हॉटेले, कॉल सेंटरे उभी राहिली. आपल्या लेखकाने पाहिले ते हे इलोइलो. ते खोटे नाही, पण ते २०२० च्या जनगणनेत ४,५७,६२६ लोकसंख्या नोंदल्या गेलेल्या आणि १८० बारांगायांत, म्हणजे प्रभागांत, विभागलेल्या शहराचा एक कोपरा आहे. मला स्वतःला या नव्या पर्वातले सर्वांत मोलाचे काम खाडीकाठी झालेले दिसते. वर्षानुवर्षे बुडून कुजत पडलेली जहाजे पात्रातून काढली, अतिक्रमणे हटवली, बाखाव म्हणजे तिवरांची झाडे राखली आणि २०१२ पासून काठाने पायवाट खुली केली. तिवरे तोडून सरळ भिंत बांधणे सोपे होते. ते न करता लोकांना झाडांच्या शेजारून चालायला लावले, याचे मला फार अप्रूप वाटते. युनेस्कोने २०२३ साली पाककलेसाठी दिलेला ‘सर्जनशील शहर’ हा मान फिलिपिन्समध्ये प्रथम इलोइलोलाच मिळाला, हेही लेखात यायला हवे होते.

मात्र वाढीची दुसरी बाजू लेखात अजिबातच नाही. उत्तरेकडून येणाऱ्या तिगुम आणि आगानान या नद्या शहराशेजारच्या पाविया गावाजवळ एकत्र येतात आणि तिथून हारो नदी म्हणून शहराकडे उतरतात. २१ जून २००८ रोजी फ्रँक हे चक्रीवादळ आले, तेव्हा या नद्यांनी हारो, ला पास यांसह शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली नेला. त्याच वादळात सिबुयान बेटाजवळ ‘प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’ हे प्रवासी जहाज उलटले आणि आठशेहून अधिक जीव गेले. जगाच्या बातम्यांत जहाज राहिले, इलोइलोचा पूर मागे पडला. नंतर पूर वळवण्यासाठी जपानच्या मदतीने कालवा पूर्ण झाला. परंतु पूर्वी जिथे भातखाचरे आणि मत्स्यतळी होती, तीच सखल जमीन आज भराव टाकून बांधकामाखाली जात आहे. गाळाच्या सपाट मैदानावर एकाने आपली जागा उंच केली, की पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते.

सामुद्रधुनीही वाटते तितकी निरुपद्रवी नाही. हाबागात, म्हणजे नैर्ऋत्येचा पावसाळी वारा, जोरात सुटला, की पाणी क्षणात बदलते. ३ ऑगस्ट २०१९ रोजी इलोइलो आणि गिमारास यांच्यामध्ये तीन लाकडी प्रवासी बोटी उलटून ३१ माणसे बुडाली. पानाय, गिमारास आणि नेग्रोस यांना जोडणारे पूल आता प्रस्तावित आहेत, ते या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवेत. तसेच जानेवारी २०२४ च्या आरंभी एकामागून एक वीजकेंद्रे बंद पडून सारे पानाय बेट अनेक दिवस अंधारात राहिले. कॉल सेंटरांवर उभी राहणारी अर्थव्यवस्था बेटावर आहे, ही साधी भौगोलिक बाब त्या दिवसांत सगळ्यांना कळली.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. पहिली, पुरवणीतील ‘विमानतळाच्या जागेवर उभे राहिलेले शहर’ हे शब्द पुढील अंकात दुरुस्त करावेत. दुसरी, अशा लेखांबरोबर उंच इमारतींच्या छायाचित्राऐवजी, किंवा निदान त्याच्या जोडीने, एक साधा नकाशा छापावा. त्यात पश्चिमेचे डोंगर, तिगुम आणि आगानान यांचा संगम, नाकासारखी पुढे आलेली जमीन, खाडी आणि समोरचे गिमारास एवढे दिसले तरी पुरे.

आपला,
एक निवृत्त नौअभियंता