कोडसाठी सर्व्हर घेताय, मग बॅकअपचे पैसे आधी बाजूला काढा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, भुसावळ, धुळे भागात आता बरीच छोटी सॉफ्टवेअर ऑफिसं झालीत, इंजिनिअरिंग कॉलेजांतही प्रोजेक्ट ग्रुपने होतात, पण कोड अजून पेनड्राईव्हवर नाहीतर व्हॉट्सअपवर फिरतो, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' अशा नावांनी. त्यातले काही जण व्हर्जन कंट्रोलचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सिस्टिमचा, स्वतःचा सर्व्हर बसवायचं मनावर घेताहेत याचा मला खरंच आनंद आहे, पण कोटेशन बघितलं की जीव तुटतो. दहा-पंधरा जणांसाठी दोन प्रोसेसरचा रॅक सर्व्हर, ६४ जीबी रॅम, आणि बॅकअपच्या नावाने काहीच नाही.

अहो, गिट या व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरला एवढं लागतच नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी लिहिलं, त्या कर्नलचा दहा लाखांवर कमिट्सचा (नोंदवलेल्या बदलांचा) इतिहास काही जीबीत मावतो, मग आपल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा कितीसा होणार? शिवाय डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक बघणं), मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणं) ही कामं ज्याच्या त्याच्या मशीनवरच होतात. चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, दोन सारख्या एसएसडी डिस्क मिररिंगमध्ये (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं), वर डेबियन लिनक्स, आणि त्यावर गिटी, म्हणजे गिटचा सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर. गिटी ही एकच फाइल टाकली की चालू होते, एक जीबी रॅममध्येसुद्धा छोटी टीम सांभाळते. त्याच कामाचं गिटलॅबही चांगलंच आहे, टेस्टिंग-डिप्लॉयमेंट सगळं त्यात येतं, पण त्याला नीट चालायला आठ जीबी रॅम तरी लागते आणि अपडेट करत बसायला माणूस लागतो, तो असेल तरच घ्या. मोल्ड, ड्रॉइंग अशा जड फाइली असतील, पाईपवाल्या कारखान्यांत असतात तशा, तर सबव्हर्जन हे गिटच्या आधीचं व्हर्जन कंट्रोल अजूनही बरं पडतं, कारण एकाने फाइल लॉक केली की दुसरा तिच्यावर काम करून घोळ घालत नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण म्हणजे लाईट आणि ऊन. इन्व्हर्टर आहे की, असं सगळे म्हणतात, पण साध्या इन्व्हर्टरला चेंजओव्हर व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होते आणि त्यावेळी डिस्कवर लिहिणं चालू असेल तर फाइल खराब होऊ शकते. यूएसबीने जोडता येणारा यूपीएस घ्या, लाईट जास्त वेळ गेली तर तो सर्व्हरला नीट बंद व्हायला सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद कपाटात मशीन ठेवू नका, आणि शेजारी जिनिंग असेल तर फॅनच्या जाळीत रुई अडकते ती ब्लोअरने काढत चला.

आणि मिररिंग म्हणजे बॅकअप नाही हो! एका डिस्कवरून चुकून उडवलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी उडतं. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर एक कॉपी, आणि एक दुसऱ्या गावात, जळगावची धुळ्याला ठेवा. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण क्लोन (इतिहासासकट कॉपी) असतो म्हणून कोड बहुतेक वाचतो, पण इश्यू (नोंदवलेल्या अडचणी नि कामं), चर्चा, युजरची खाती डेटाबेसमध्ये असतात, ती क्लोनमध्ये येत नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला खुद्द गिटलॅबच्या साईटवर चुकून डेटाबेस उडवला गेला, रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो होतच नव्हता, आणि जवळजवळ सहा तासांचा डेटा कायमचा गेला. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं. म्हणून महिन्यातून एकदा तरी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, सर्व्हर खरंच उभा राहतो का ते बघाच.

दोन-तीन जणंच असाल तर गिटहब या ऑनलाइन सेवेवर खाजगी रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) फुकट मिळते, तेवढ्यावर भागतं. पण कॉलेजांच्या खरेदी समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कोटेशनमधून रॅक सर्व्हर काढा आणि त्याच पैशात यूपीएस, बाहेरच्या दोन डिस्क आणि हे सगळं बघणाऱ्या एका लॅब असिस्टंटचं ट्रेनिंग बसवा.

आपला नम्र,
सॉफ्टवेअरच्या कामातला एक वाचक, जळगाव