नोटीस पाठवण्याआधी वाच

चि. मनू,

कोलॅबोरेटिव्ह पद्धतीने, म्हणजे कोर्टात न भांडता समोरासमोर बसून तडजोडीने, घटस्फोटाची कामं घ्यायची म्हणतेस, तर पहिल्यांदा हातातली नोटीस बाजूला ठेव. 'माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून आपणांस कळविण्यात येते की' असं पाकीट घरी पोचलं की समोरचा माणूस तडक शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय गाठतो, आणि मग पोटगीचा अर्ज, मुलाच्या ताब्याचा अर्ज, त्यांना उत्तरं. त्याऐवजी समोरच्याने वकील नेमावा आणि नवरा, बायको व दोघांचे वकील अशा चौघांनी बसावं, एवढं सांगणारं चार ओळींचं साधं पत्र पाठव. आरोप एकही नको.

मिनिआपोलिसच्या स्टुअर्ट वेब या वकिलांनी 1990 मध्ये ही पद्धत सुरू केली. तिचा कणा एकच: बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी प्रकरण सोडायचं. वकिलाला पुढच्या तारखांची फी दिसत नसली की त्याचं डोकं तडजोडीत चालतं. आपल्या कायद्यात या पद्धतीसाठी वेगळं कलम नाही, त्यामुळे सगळी भिस्त चौघांच्या सहीच्या करारावर.

त्या करारात नवखे वकील हमखास एक चूक करतात. 'प्रकरण कोर्टात गेल्यास वकील बाहेर पडतील' असं लिहितात. अगं, परस्पर संमतीचा अर्जही कोर्टातच करायचा असतो! 'एकमेकांविरुद्ध वादाची कार्यवाही दाखल झाल्यास' असं लिही आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब चा, म्हणजे परस्पर संमतीचा, अर्ज स्पष्टपणे वगळ. बैठकीतलं बोलणं पुढे पुराव्यात वापरायचं नाही, ही अटही लेखी हवी. मध्यस्थ नसलेल्या बैठकीला 2023 च्या मध्यस्थी कायद्याचं संरक्षण मिळेल असं धरून चालू नकोस.

हे सगळं करण्याआधी आपल्या अशिलाला एकटं भेट. मारहाण, धाक, पैशांवर पूर्ण कब्जा, यातलं काहीही दिसलं तर ही पद्धत नको. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज कर. घाबरलेलं माणूस टेबलावर कशालाही 'हो' म्हणतं.

बैठकीत चौघंच. मामा, काका आणि 'मी नुसता ऐकायला बसतो' म्हणणारे मेहुणे बाहेर. दीड-दोन तासांपेक्षा जास्त ताणू नकोस, त्यानंतर माणसं थकून कबूल होतात आणि दुसऱ्या दिवशी फिरतात. काय ठरलं ते त्याच दिवशी दोन्ही बाजूंना लिहून पाठव.

आकड्यांसाठी दोघांचा मिळून एकच सीए नेम. मालमत्तेच्या माहितीसाठी सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा (2020) निकालातला शपथपत्राचा नमुना वापर. तो पोटगीच्या वादांसाठी आहे, पण त्यातून फारसं काही सुटत नाही. सोबत तीन वर्षांची रिटर्न्स, आयकर पोर्टलवरचं एआयएस (वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांचं विवरण), पीएफचं पासबुक आणि म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट माग. विसरलेली एफडी बहुतेक वेळा एआयएसमधल्या व्याजाच्या ओळीत सापडते. हिंजवडी-खराडीच्या आयटी नोकरदारांना कंपनीचे अजून हातात न आलेले शेअर आहेत का, हे मुद्दाम विचार.

खरी मेख फ्लॅटमध्ये असते. समज, वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांचं. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींत, लिहिलं, 'फ्लॅट पतीचा, हप्ते पती भरेल.' ते बँकेवर बंधनकारक नाही. त्याने हप्ते थकवले तर बँक तिच्याही मागे लागणार आणि सिबिल तिचंही बिघडणार. म्हणून एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का, हे बँकेकडून आधी लेखी घे. बसत नसेल तर फ्लॅट विकणं किंवा कर्ज दुसरीकडे नेणं, यावर त्याच बैठकीत बोल. हस्तांतराचा दस्तही वेळेत व्हावा लागतो. महाराष्ट्रात नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयांचं आहे, अधिभार वेगळा. डिक्रीनंतर, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम हुकुमानंतर, ते नवरा-बायको राहत नाहीत आणि सवलत जाते. फार आधी केलं तर दुसरा धोका: 1991 च्या सुरेष्टा देवी निकालानुसार डिक्री होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून बँकेची एनओसी आणि दस्ताचा मसुदा तयार ठेव, नोंदणी शेवटच्या तारखेच्या आठवड्यातच कर.

एकरकमी पोटगीचंही तसंच. काही रक्कम अर्जाच्या दिवशी, उरलेली डिक्रीच्या दिवशी. डीडी तीन महिनेच चालतो. अर्जासोबत काढून ठेवलेला सहा महिन्यांनी, डिक्रीच्या वेळी, बाद झालेला असतो.

मुलाच्या बाबतीत 'वाजवी भेट' हे शब्द मसुद्यातून काढ. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 10 ते रविवारी संध्याकाळी 6, आणायचं कोणी, सोडायचं कोणी, एवढं लिही. गणपती कोणाकडे, दिवाळीचे कोणते दिवस कुठे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची आणि पासपोर्टच्या अर्जावर दुसऱ्याने किती दिवसांत सही करायची, तेही. 'खर्च निम्मा-निम्मा' लिहिलंस तर क्लास आणि स्कूल बस त्यात धरायची की नाही यावर भांडण होतं. मुलाची पोटगी आई सोडून देऊ शकत नाही, तो हक्क मुलाचा आहे. तसं कलम कोणी सुचवलं तर तिथेच खोड.

अर्जासाठी वर्षभर वेगळं राहणं लागतं, आणि पुढे सहा महिने थांबणं. एकूण दीड वर्ष आधीच उलटलं असेल आणि सगळं मिटलं असेल, तर अमरदीप सिंग (2017) निकालाच्या आधारे सहा महिने माफ करण्याचा अर्ज दे. कोर्टाच्या समुपदेशकासमोर दोघांना वेगवेगळं विचारतात, तेव्हा अशिलाने टर्म्स स्वतः वाचलेल्या असायला हव्यात. तुझ्याकडे बघत उत्तर देणारं माणूस तिथे अडकतं.

डिक्रीने नॉमिनेशन आपोआप बदलत नाही. पीएफ, विमा, बँक खाती, सोसायटी, डीमॅट अशी यादी कर आणि सर्टिफाइड कॉपीबरोबरच दोघांच्या हातात दे.

आई