तो रणगाडा नव्हे, चेनचा ट्रॅक्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या अंकात आमच्या फलटण तालुक्यातील एका मळ्यात बाभळीखाली गंजत पडलेल्या यंत्राचे छायाचित्र ‘महायुद्धातील रणगाडा शेतात’ अशा मथळ्याखाली प्रसिद्ध झाले आहे. सरकारने कांस गवताच्या निर्मूलनासाठी हे यंत्र मध्य प्रदेशात वापरले आणि पुढे लिलावात काढले, असेही सोबतच्या मजकुरात म्हटले आहे. तो मळा माझ्या आतेभावाचा आहे. मी स्वतः एसटीच्या कार्यशाळेत डिझेल इंजिनांवर नोकरी केलेला निवृत्त माणूस असून, गेले दीड वर्ष या यंत्राचा पूर्वेतिहास शोधण्याच्या नादी लागलेलो आहे. मजकुरातील दोन्ही विधाने चुकीची आहेत, परंतु पहिल्यात थोडे तथ्य आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पट्ट्यांवर चालते ते सगळे रणगाडे, हा समज आपल्याकडे जुना आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत, पाणथळ जमिनीत वाफेचे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत, म्हणून बेंजामिन होल्ट यांनी चाके काढून त्यांच्या जागी फळ्या जोडलेल्या साखळ्या बसवल्या आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी ते यंत्र शेतात चालवून पाहिले. इंग्लंडमधील ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यात डेव्हिड रॉबर्ट्स यांनीही त्याच सुमारास अशाच साखळीचे पेटंट घेतले होते. ते हक्क पुढे होल्ट यांनीच विकत घेतले. रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये. म्हणजे नांगराची साखळी तोफेकडे गेली, तोफेची नांगराकडे आलेली नाही. आमच्या भागातले जुने लोक या यंत्राला साधेपणाने ‘चेनचा ट्रॅक्टर’ म्हणतात आणि तेच नाव बरोबर आहे.

होल्ट आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ मध्ये एकत्र येऊन कॅटरपिलर कंपनी झाली. तिने १९३१ मध्ये पहिला डिझेल ट्रॅक्टर काढला आणि १९३८ मध्ये डी-२ हा आपल्या डिझेल मालिकेतला सर्वांत लहान ट्रॅक्टर बाजारात आणला. मळ्यातले यंत्र हा डी-२ आहे. आकाराने लहान म्हटला तरी वजन सुमारे ३ टन भरते.

हे ठरवण्यासाठी काय करावे लागले, ते सांगितले पाहिजे, कारण असे यंत्र दारात असलेल्या आणखी कोणाला त्याचा उपयोग होईल. क्रमांकाची धातूची पट्टी जिथे असायची, तिथे रिव्हेटची रिकामी भोके तेवढी उरली आहेत. पट्टी कोणी तरी केव्हाच उचकटून नेली. मात्र कंपनी हाच क्रमांक मागच्या ओतीव पेटीवरही ठोकत असे. त्या जागी ग्रीस, माती आणि गंज यांचा बोटभर थर होता. रॉकेलने भिजवून, एक रात्र तसेच ठेवून, दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने घासल्यावर अक्षरांच्या खुणा दिसू लागल्या आणि वरून खडू फिरवल्यावर त्या खोलगट रेषांत पांढरी पूड बसून क्रमांक वाचता आला. अक्षर ‘जे’ होते, याबद्दल शंका राहिली नाही. त्याच्या आधीचा आकडा मात्र अर्धा खाल्लेला होता. तो ३ असू शकत होता किंवा ५.

डी-२ चे सुरुवातीचे ट्रॅक्टर ‘३जे’ आणि ‘५जे’ अशा दोन क्रममालिकांत निघाले. ‘३जे’ अरुंद होता. त्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांमधले अंतर ४० इंच होते. ‘५जे’ मध्ये ते ५० इंच होते. भाच्याने एका बाजूने फीत धरली आणि मी दुसऱ्या बाजूने मोजले, तेव्हा अंतर ५० इंच आले. आकडा ५ ठरला. इंजिनावरचा क्रमांकही तोच निघाला. म्हणजे इंजिन मूळचेच आहे. पट्ट्यांखालचे रोलर मात्र निरनिराळ्या वयाचे आहेत आणि त्यांच्यावरच्या ओतीव आकड्यांवरून यंत्राचे वय काढायला गेलो असतो, तर भलतेच उत्तर आले असते. ‘जे’ मालिका १९४७ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी थोड्या मोठ्या इंजिनाची ‘यू’ मालिका आली. तेव्हा हे यंत्र १९३८ ते १९४७ या काळातले.

पुढचा धागा रंगाने दिला. सगळ्यांत वर लाल रंग आहे, तो आतेभावाच्या वडिलांनी दिलेला. घरातल्या सर्वांना तो आठवतो. रेडिएटरच्या आच्छादनाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही, तिथे दाढीच्या पात्याने हलक्या हाताने खरवडले, तेव्हा लालखाली ब्रशने मारलेला पिवळा आणि पिवळ्याखाली काळपट हिरवा थर निघाला. हिरव्याखाली थेट लोखंड. कॅटरपिलरने आपली यंत्रे पिवळी रंगवायला १९३१ च्या डिसेंबरातच सुरुवात केली होती. बाजारात विकायचे यंत्र त्यानंतर हिरवे निघण्याचे कारण नव्हते. हिरवा रंग लष्कराचा. आपल्या बातमीत तथ्य आहे ते एवढेच. हे यंत्र महायुद्धासाठी घडवलेले आहे, पण त्याने गोळा कधी उडवला नाही. छावण्या, रस्ते आणि धावपट्ट्या यांची माती सारखी करायला फौजेला असे ट्रॅक्टर लागत.

आता कांस गवताविषयी. केंद्रीय ट्रॅक्टर संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली आणि मध्य प्रदेशासारख्या भागातल्या कांसाने व्यापलेल्या जमिनी तिने मोठ्या प्रमाणावर नांगरल्या, हे खरे आहे. त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्जही भारताने घेतले. परंतु कांसाच्या मुळ्या इतक्या खोल असतात, की त्यांना उपटायला याच्या कितीतरी पट ताकदीचे ट्रॅक्टर लागत. डी-२ त्या कामाचा नव्हे. शिवाय १९४९ च्या कर्जातून नवीन डी-२ आला असता, तरी तो ‘यू’ मालिकेतला असता, ‘जे’ मधला नव्हे. कांसाची गोष्ट गावात कोणी सांगितली असेल तर नवल नाही, कारण हा ट्रॅक्टर आमच्याकडे कुंदा नावाचे चिवट तण काढायला आला होता आणि कुंद्याचा कांस व्हायला वेळ लागत नाही.

कुंदा म्हणजे काय, हे काळ्या रानात राबलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत माणसे रांगेने बसून कुदळीने ढेकळे उलथवत आणि मुळी तुटून खाली राहिली, की पावसाळ्यात पुन्हा तेच. भारी जमिनीत नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. अशा रानात चेनचा ट्रॅक्टर पहिल्यांदा चालला, तेव्हा शेजारच्या वाड्यांवरून माणसे बघायला आली होती, असे माझी ८८ वर्षांची आत्या सांगते. तिला नांगरटीपेक्षा त्याचे सुरू होणे जास्त आठवते. मुख्य डिझेल इंजिन हाताने फिरण्यासारखे नसते. त्याच्या कडेला दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असते आणि ते आधी सुरू करायचे. दोन्ही इंजिनांचे थंड करण्याचे पाणी एकच असल्यामुळे आणि छोट्या इंजिनाचा धूर मोठ्याच्या हवानळीला शेकत जात असल्यामुळे मोठे इंजिन हळूहळू ऊबदार होते. मग क्लच जोडून त्याला फिरवायचे. आत्याच्या शब्दांत, ‘आधी पोर रडायचं, मग बाप जागा व्हायचा’. डांबरी रस्ता ओलांडायचा झाला, की लोखंडी पट्ट्यांनी रस्ता फुटू नये म्हणून खाली ओली बारदाने अंथरावी लागत, आणि ती अंथरणारी पोरे आज सत्तरीत आहेत.

लष्कराकडून हे यंत्र आमच्या तालुक्यापर्यंत कसे आले असावे, याचाही काही उलगडा होतो. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली होती. १९४५ मध्ये त्यांनी कॅटरपिलरच्या यंत्रांच्या विक्रीचा करार केला. युद्ध संपल्यावर फौजेची शिल्लक कॅटरपिलर यंत्रे स्वस्तात मिळू लागली, पण ती घेण्याइतके भांडवल भागीदारीकडे नव्हते. त्यासाठी ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो ही कंपनी नोंदवली गेली. म्हणजे असे हिरवे ट्रॅक्टर त्या वर्षांत मुंबईच्या बाजारात होते. आतेभावाच्या घरातल्या ट्रंकेत १९५३ सालची एक हातपावती सापडली आहे, तीत ‘जुना चेन ट्रॅक्टर, नांगरासह’ एवढाच उल्लेख असून विकणाऱ्याची सही लागत नाही. १९४६ ते १९५३ या सात वर्षांचा दुवा जोडायचा राहिला आहे.

म्हणूनच आपल्यामार्फत वाचकांना विनंती आहे. सातारा, पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांत पन्नास सालाच्या आसपास ज्यांच्याकडे भाड्याने नांगरट करणारा चेनचा ट्रॅक्टर होता, त्यांच्या घरी नांगरटीच्या वह्या, डिझेलच्या पावत्या किंवा ट्रॅक्टरसमोर उभे राहून काढलेले एखादे छायाचित्र असेल, तर ते आपल्या कार्यालयाकडे पाठवावे. छायाचित्रात ट्रॅक्टरची मागची बाजू दिसत असेल तर फारच उत्तम. आणि असे यंत्र भंगारात द्यायचे ठरलेच असेल, तर वजनकाट्यावर चढवण्याआधी मागच्या पेटीवरचा क्रमांक घासून उतरवून घ्यावा. त्याला रॉकेल आणि खडू यांपलीकडे खर्च नाही. आमच्या ट्रॅक्टरचाही सौदा किलोच्या भावाने जवळजवळ ठरला होता. आतेभावाने घेतलेला विसार गेल्या महिन्यात परत केला.

ट्रॅक्टरच्या क्रमांकाचे, रंगाच्या थरांचे आणि त्या पावतीचे छायाचित्र मी आपल्या कार्यालयाकडे वेगळे पाठवत आहे. दुरुस्ती छापताना मथळ्यातला ‘रणगाडा’ काढावा, ‘महायुद्धातील’ राहू दिले तरी चालेल.

आपला,
एक वाचक
फलटण, जि. सातारा