डब्यावरची चिठ्ठी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. बायडीस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोन तू ठेवलास, मी नाही. आई म्हणते मीच ठेवला, म्हणून आधी एवढं लिहून टाकतो. पाच दिवस झाले. धाकट्याला रोज तुझा मेसेज येतोय, "आप्पा जेवले का, बीपीची गोळी घेतली का." मला मात्र काही नाही. तो म्हणाला, तुम्ही सांगा, मी टाइप करून पाठवतो. नको म्हटलं. तीस वर्षं कंडक्टरकीत वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, लिहून हात कागदाला बसलाय.

ज्यावरनं मंगळवारी आपलं भांडण झालं, त्या तुझ्या खायच्या पावडरच्या डब्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. तो विषय संपला.

रिलेच्या सहा जणींत तुझं नाव आलं, त्याबद्दल फोनवर मी धड बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर पेढे वाटले. चहावाल्या मामानं विचारलं, "एकटीच्या शर्यतीत न्हाई व्हय घेतली?" मला राग आला. त्याला सांगत बसलो, बाबा, चार गुणिले चारशेत, म्हणजे चौघींनी चारशे-चारशे मीटर पळायच्या रिलेत, आपल्या पोरींनी २००२ पासून २०१८ पर्यंत ओळीनं पाच एशियाडला सोनं आणलंय. २०२३ ला हांगझोऊत रुपं आलं तेव्हा कुठं ती साखळी तुटली. असल्या संघात सहात यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? त्याचा चहा उतू गेला, पण मी सोडलं नाही. तू चारशेत ५३ सेकंदांच्या घरात आहेस हे आता अख्ख्या रंकाळा स्टँडला पाठ आहे.

तिसरा लेग, म्हणजे तिसरा टप्पा, देतील म्हणालीस. तिसरा म्हणजे गर्दी. पहिली आपल्या लेनमधनं पळते, दुसरी पहिलं वळण संपल्यावर आत येते, आणि तुम्ही तिसऱ्या-चौथ्या नुसत्या उभ्या. पंच मागच्यांचा क्रम बघून आत-बाहेर लावणार, वर बॅटन (हातातली नळी) देणारी दमून भेलकांडत येणार. कोपर लागतं, बुटाचा स्पाइक लागतो. अशा धक्काबुक्कीत एकदम वेग घेताना मांडीच्या मागची शीर परत धरली तर? फिजिओ काय म्हणाला ते तू सांगितलंच नाहीस. मांडी लवकर भरून यावी म्हणूनच तू तो डबा घेतला असणार, मला कळतं.

बघ, लिहिणार नव्हतो.

तुला लाटणं आठवतं का? खरं बॅटन अठ्ठावीस ते तीस सेंटिमीटरचं, आतनं पोकळ, पन्नास ग्रॅमच्या वर असलं की झालं. आपलं लाटणं त्याच्या चौपट जड. टेंबलाईच्या चढाखाली तू पुढं, धाकटा मागं, आणि मी तिकिटाच्या पंचानं टिकटिक करून गाडी सोडायचो. घरात आई पोळ्यांचं पीठ मळून वाट बघत बसायची. धाकटा नऊ वर्षांचा, तो लाटणं तुझ्या हातात द्यायच्या ऐवजी पाठीत घालायचा. मी तुला सांगायचो, चार गुणिले शंभरला मागं न बघता हात मागं टाकायचा, चारशेला मात्र बघून घ्यायचं, कारण येणारी मेलेली असते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भरलेल्या गाडीत मागं न बघता सुट्टे पैसे देताना जे कळलं, ते आणि जुन्या मासिकात वाचलेलं, एवढीच माझी कोचिंग.

परत येताना गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास. तुझ्या ओठावर फेसाची मिशी. "आप्पा, मी अजून एक घेतो," म्हणायचीस. आता "घेते" म्हणायला लागलीस. तिकडच्या पोरी हसत असतील. इकडं आलीस की "घेतो"च म्हण.

आता एक सांगतो आणि मग खरंच सोडतो. मी नवीन होतो, राधानगरीच्या गाडीवर. तपासणीवाले चढले. तिकिटं मोजली, बॅग मोजली, माझ्या बॅगेत अकरा रुपये जास्त. कमी नाहीत, जास्त! कुठल्या तरी म्हातारीचे सुट्टे द्यायचे राहिले असतील. मी म्हटलं, साहेब, मला माहीत नाही हे कुठनं आले. ते म्हणाले, बॅग कुणाची? माझी. मग झालं. चूक माझीच होती, पण त्या रात्री मी जेवलो नाही. तुमच्या नाडाचा, त्या उत्तेजकं तपासणाऱ्या संस्थेचा, नियम अगदी तोच आहे. (आई अजून नाव ऐकलं की हसते, "कसला गं नाडा?") अंगात सापडलं की ज्याचं अंग त्याचा जबाब. मैत्रिणीनं दिलं, डब्यावर लिहिलं नव्हतं, या सबबी बंदीचे महिने कमी करायला उपयोगी पडतात, पदक ठेवायला नाही. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुलचं रिलेचं सोनं घेतलेल्या चार पोरींपैकी तिघी पुढच्याच वर्षी तपासणीत सापडल्या. आम्हाला मिळालेल्या सप्लिमेंटात काय होतं ते ठाऊक नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मला तर ते खरंच वाटतं. बंदी काही चुकली नाही.

आणि रिलेत तर एकीचं चौघींना. बीजिंग ऑलिंपिकच्या चार गुणिले शंभरच्या रिलेत बोल्टच्या जोडीदाराचा जुना नमुना परत तपासला, आणि २०१७ ला बोल्टचं सोनं गेलं, तो स्वतः स्वच्छ असून. अमेरिकेच्या धावपटू मॅरियन जोन्सचं कात्रण अजून माझ्या वहीत आहे. सिडनी ऑलिंपिकला तीन सुवर्ण, दोन कांस्य. सात वर्षांनी उत्तेजकं घेतल्याचं रडत कबूल केलं, सगळी परत दिली, वर तपास करणाऱ्यांशी खोटं बोलली म्हणून सहा महिने तुरुंग. तिच्याबरोबर रिले पळालेल्या पोरींची पदकंसुद्धा २००८ ला काढली होती. त्या क्रीडा लवादात भांडल्या, तेव्हा २०१० मध्ये परत मिळाली. दोन वर्षं, बायडे. ज्या पोरींनी काही केलं नव्हतं त्यांची दोन वर्षं.

मी दहावीत होतो तेव्हा पी. टी. उषा लॉस एंजेलिस ऑलिंपिकला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागानं चौथी आली. आमचे सर वर्गात म्हणाले, गेलं. दोन वर्षांनी सेऊलच्या एशियाडला तिनं चार सुवर्ण आणली, त्यातलं एक रिलेचं. ते कात्रणही वहीत आहे, पण ते दाखवलं तर तू म्हणशील आप्पा परत लेक्चर देतात.

देतोयच. चुकलं. मंगळवारी मी "तू काय खातेस ते मला कळायला पाहिजे" म्हणालो ते फार चुकलं. तू तेवीस वर्षांची आहेस. तुला विचारायचं ते तुझा कोच आणि डॉक्टर विचारतील. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही" असं तू म्हणालीस, त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. विश्वास आहे. डब्यावर नाही.

तुला एक कधी सांगितलं नाही. तालमीत माझ्याबरोबर एक जण होता, माझ्याहून चांगला. मी चितपट व्हायचो, तो कधीच नाही. वस्तादाच्या माघारी कुणीतरी त्याला इंजेक्शनं देत होतं, ताकदीची. सहा महिन्यांत त्याचे दंड असे झाले की आम्ही नुसतं बघत राहायचो. मला पण विचारलं होतं. पैसे नव्हते म्हणून मी नाही म्हटलं, शहाणपणानं नव्हे. नंतर त्याच्या किडन्या गेल्या. शेवटी त्याला बघायला गेलो तेव्हा त्यानं माझा हात धरला, त्या हातात काही उरलं नव्हतं. तू तेव्हा चार महिन्यांची होतीस. हे मंगळवारी सांगायला हवं होतं, त्याऐवजी ओरडलो.

नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला पदक मिळालं त्या दिवशी मी राधानगरीच्याच गाडीवर होतो. लोक गाडी थांबवून गुलाल टाकत होते. तोही आपल्यासारखाच, तेव्हा रेल्वेत तिकिटं तपासायचा. माझ्या मनात काय आलं असेल ते तुला सांगायला नको.

पार्सल सोमवारी निघेल. कांदा-लसूण चटणी, भडंग, आणि डिंकाचे लाडू. लाडवांवरनं घरात भांडण झालं. मी आईला खसखस घालू दिली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, खसखशीनं लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, शर्यतीच्या दिवसांत नकोच. आई म्हणाली, "बाळंतिणीला चालती, आणि पळणारीला चालत न्हाई?" दोन तास बोलली नाही. मग स्वतःच वहीचं पान फाडून डब्यावर चिकटवलं. तिच्याच अक्षरात आहे: डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, बदाम, सुंठ, जायफळ. खाली दोन रेघा मारून "खसखस नाही."

खायच्या आधी तेवढी चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांना दाखव.

तुझे
आप्पा

ता. क. त्या दुसऱ्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो धाकट्याला पाठवलास तरी चालेल. मला नको.